रबराची मासोळी

सासऱ्यांवर पाळत ठेवावी असं कुठल्याही जावयाला सुचू नये. मला सुचलं, आणि सुचल्यावर मी ते बरेच आठवडे मन लावून केलं. कारण होती एक पांढरी बादली. मूळची ती रंगाची बादली. आमच्या मागच्या शेडमध्ये ती रिकामी पडून होती. एक दिवस ती तिथून हलली, धुऊन स्वच्छ झाली, आणि तिच्या झाकणाला खिळ्याने भोकं पडली. भोकं पाडलेलं झाकण आत काहीतरी श्वास घेत असल्याशिवाय कुणी लावत नाही, एवढं मला कळत होतं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, २०२०च्या फेब्रुवारीअखेरीला आमच्याकडे परदेशात, ॲथलोनला आले होते. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. भंडाऱ्याच्या घरात एकटे राहून ते फार बोलेनासे झाले होते, म्हणून बायकोने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आले आणि पंधरवड्यात सगळं बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद. त्यांच्या व्हिसाची मुदत सरकारने आपणहून वाढवली, मग पुन्हा वाढवली. तीन महिन्यांचे पाहुणे कधी जाणार हे कुणालाच सांगता येईना.

बायको वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात कामाला आहे. तिला रोज जावंच लागायचं. मी टेलिकॉम कंपनीत. माझं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघे पुरुष, आणि एकमेकांशी बोलायला विषय नाही. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, मी सॉफ्टवेअरवाला. त्यांना माझं काम काम वाटायचं नाही, आणि मला त्यांची शांतता तपासणीसारखी वाटायची.

मासेमारीचं खूळ माझं. घराजवळ नदी होती, नदीवर जायला परवानगी होती, आणि मला घराबाहेर पडायचं होतं. पण मी कुठलीही गोष्ट आधी अभ्यास केल्याशिवाय करत नाही. मी व्हिडिओ लावले. एक जाडजूड अमेरिकन गृहस्थ होडीत बसून क्रॅपी नावाचा मासा पकडायचे, आणि दर व्हिडिओत एकच वाद घालायचे. गळाला मऊ रबराची नकली मासोळी लावायची की खरी, जिवंत? रबरवाले म्हणायचे रंग बदलता येतो, सारखं आमिष बदलावं लागत नाही. जिवंतवाले म्हणायचे, माशाला वेड्यात काढता येतं, पण रोज नाही. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि रबराच्या बाजूने निकाल दिला. मग एक मोठं खोकं मागवलं. पांढऱ्या, पोपटी, लाल, चमकी घातलेल्या करंगळीएवढ्या मासोळ्या. खोकं उघडलं की शाळेतल्या सुगंधी खोडरबराचा वास यायचा.

खोकं आल्यावर मी ते शेजाऱ्यांना दाखवलं. ते निवृत्त गृहस्थ. कुंपणापलीकडून दोन हात अंतर ठेवून बोलायचे.

"क्रॅपी पकडणार आहे," मी म्हणालो.

"कुणाला?"

"क्रॅपी. मासा आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "ह्या बेटावर तरी नाही रे तो. कधी ऐकलासुद्धा नाही."

म्हणजे मी दीड महिना एका अशा माशाचा अभ्यास केला होता, जो मला भेटण्यासाठी अटलांटिक ओलांडून आला असता तरच भेटला असता. शेजाऱ्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, पर्च आहे इथे, पट्ट्यांचा, तोही रबर खातो, ग्रँड होईल, म्हणजे इथल्या भाषेत झकास. मी क्रॅपीच्या जागी पर्च घातला आणि बाकी अभ्यास तसाच ठेवला.

हे सगळं मी चहा पिताना बाबांना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"मंग जित्ती काहून नाही लावत?"

"इथे चालत नाही, बाबा. कायद्याने बंद आहे. जिवंत मासा आमिष म्हणून लावायचा नाही."

"आमच्या तलावात मरळ पकडाची म्हणजे जित्तीच पाहिजे. मरळ रबराले तोंड लावत नाही."

"इथे मरळ नाही."

"क्रॅपी पण नाही म्हणतात," ते म्हणाले. आणि पुढे, "तुमच्या पुण्यात मासोळी बाजारातच पोहते ना, जवाईबापू. तुमाले कसं माहीत असणार?"

मी हसलो. पण मनात एक गाठ बसली. ह्या माणसाला इथला नियम पटलेला नाही, असं मी तिथे ठरवून टाकलं.

नियमांची मला भीती होती, आणि तिचं कारण होतं. आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता. अर्जदाराची वर्तणूक चांगली असली पाहिजे, अशी त्यात अट असते. ती अट मी इतकी मनावर घेतली होती की रिकाम्या रस्त्यावरही गाडी पिवळ्या दिव्याला थांबवायचो. मासेमारीचेही सगळे नियम मी वाचले होते. मोठा मासा परत सोडायचा, लहान मोजकेच ठेवायचे, जिवंत आमिष नाही. आमच्या घरातून कुणी एक नियम मोडला, तर कुठल्याशा कार्यालयात आमच्या नावापुढे शेरा पडेल, अशी माझी खात्री होती.

बाबा माझ्याबरोबर नदीवर येऊ लागले. मी त्यांना गळाची नवी काठी घेऊन देतो म्हणालो. नको म्हणाले. माझी पहिली काठी होती, शेंडा मोडलेली, ती घेतली. मी खोकं पुढे केलं, म्हटलं हवी ती मासोळी घ्या. त्यांनी हात मागे घेतला. "नको नको. तुमचं तुमच्यापाशी असू द्या." मला वाटलं, रबराला नाकं मुरडतायत. तेव्हा ते माती खणून गांडुळं लावायचे. त्यांना फारसं काही मिळायचं नाही. मला तर त्याहून कमी.

मग ऑगस्टमध्ये काहीतरी बदललं. ते माझ्याआधी, एकटेच जाऊ लागले, आणि मासे आणू लागले. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. लहानसेच पर्च, नियमातले, दोन नाहीतर तीन. बायको कामावरून आली की ते सिंकमध्ये साफ केलेले असायचे. ती हळद-तिखट लावून तव्यावर टाकायची आणि बाबा खुर्चीत जरा ताठ बसायचे. मी मात्र चमकीच्या मासोळ्यांसह रिकाम्या हाताने परतायचो. खरं सांगायचं तर माझा संशय नियमापासून नाही, ह्या ताठ बसण्यापासून सुरू झाला. पण तेव्हा मी तो नियमाच्या नावाने चालवला.

आणि एकदा शोधायला लागल्यावर सापडत गेलं. चहाची मोठी गाळणी गायब झाली. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या कमी झाल्या. शेडमागे एक बाटली मिळाली, मान कापून उलटी आत बसवलेली. बारक्या मासोळ्या आत शिरतात पण बाहेर येऊ शकत नाहीत, असा तो सापळा. अमेरिकन गृहस्थांनी अगदी अशीच बाटली दाखवली होती. आमच्या वसाहतीमागे एक ओहोळ आहे, जो पुढे नदीला मिळतो. बाबा नदीवर जाण्याआधी त्या वाटेने वळतात, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं. आणि मग ती पांढरी बादली.

"बाबा, बादलीत काय आहे?"

"पाणी."

"झाकण कशाला मग?"

"सांडते."

"आणि भोकं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधी पोलिसात होते काय हो, जवाईबापू?"

मी विषय हवामानाकडे वळवला. सासऱ्यांना सरळ विचारावं, एवढी आमची सलगी नव्हती. ते मला अहो-जाहो करायचे, मी त्यांना. ह्या आदराच्या आड संशय फार सोयीने राहतो. ते आंघोळीला गेले की मी शेडमध्ये जायचो. बादली बहुतेक वेळा रिकामी असायची. एकदा नव्हती. झाकण उचललं तर खाली पाच-सहा बारक्या मासोळ्या, तपकिरी पाठीच्या, एकाच दिशेने तोंडं करून स्थिर उभ्या होत्या. मी झाकण परत लावलं आणि हात धुतले. हात का धुतले ते माहीत नाही.

बायकोला आडून विचारलं.

"तुला बाबांमध्ये काही वेगळं वाटतं का गं?"

"वाटतंय ना. खूश आहेत. मला तुझ्यात वेगळं वाटतंय. गाळणीबद्दल तू तिसऱ्यांदा विचारतोयस."

शेजाऱ्यांचाही मला संशय येऊ लागला. एकदा कुंपणावरून म्हणाले, "तुझे सासरे म्हणजे काय माणूस! पेपरात येणार बघ एक दिवस." मी त्या वाक्यावर दोन दिवस विचार केला. पेपरात, म्हणजे कुठल्या पानावर? ह्यांना काही माहीत आहे का? हे कुणाला सांगणार आहेत का?

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बंधनं आली, पाच किलोमीटरच्या आत राहायचं. नदी आत होती. एका सकाळी माझी एक मीटिंग रद्द झाली, आणि बाबा बादली घेऊन नुकतेच निघाले होते. मी जाकीट चढवलं आणि दुसऱ्या वाटेने काठावर गेलो. तिथे काटेरी झुडपांची एक रांग आहे. तिच्यामागून पाणी दिसतं. मी तिथे उभा राहिलो.

बाबा काठावर उकिडवे बसले होते, बादलीवर वाकून. पाठ माझ्याकडे. खूप वेळ ते तसेच होते. एक हात हवेत हळूहळू हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. मग त्यांनी गळाशी काहीतरी केलं आणि काठी फेकली. मला काय लावलं ते दिसलं नाही. पण बादलीतून काढलेलं असणार, दुसरं काय असणार?

तेवढ्यात पुलाकडून एक माणूस येताना दिसला. हिरवं जाकीट, छातीवर कसलंसं चिन्ह, गुडघ्यापर्यंत बूट. चाल फिरायला आलेल्याची नव्हती, कामावरच्या माणसाची होती. मत्स्यखात्याचा माणूस असा असतो, हे मी त्यांच्या वेबसाइटवर पाहिलेलं होतं. तो सरळ बाबांकडे गेला.

बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं. लिहिलेलं समजायचं, इथल्या लोकांचं बोलणं निम्मंच. ते एकटे होते, परक्या देशात, आणि त्यांच्या पायाशी ती बादली होती. मी वीस-पंचवीस पावलांवर होतो. पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं की हे माझ्याबरोबर आहेत. मी खाली बसलो. ओल्या चिखलात गुडघा टेकवून, मान आत घालून बसलो. आणि त्या वेळी माझ्या मनात 'बाबांचं काय होईल' हे आलं नाही. 'माझ्या अर्जाचं काय होईल' हे आलं. हे वाक्य मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे लिहितोय.

त्या माणसाने बादलीत डोकावून पाहिलं. गळ हातात घेऊन पाहिला. काहीतरी विचारलं, बाबांनी मान हलवली. मग तो हसला, ओहोळाकडे बोट दाखवलं आणि पुढे निघून गेला. बाबा उठले, ओहोळापाशी गेले आणि बादली पाण्यात पालथी केली. चांदीसारखं काहीतरी चमकून गेलं. पुरावा गेला, मी मनात म्हणालो. मग त्यांनी रिकामी बादली खाली ठेवली, सरळ झुडपांकडे पाहिलं, थोडा वेळ, आणि काठी आवरायला लागले.

मी त्यांच्याआधी घरी पोचलो आणि लॅपटॉप उघडून बसलो. ते आले.

"आज काही नाही मिळालं," ते म्हणाले.

"असं होय," मी पडद्यावरून नजर न काढता म्हणालो.

तो सोमवार होता. संध्याकाळी ताटं वाढल्यावर ते म्हणाले की आज माझा उपास आहे. एक केळं आणि चहा घेतला. ह्यात काही विशेष नव्हतं. पण गुरुवारीही उपास निघाला. शनिवारीही. मग चतुर्थी आली, मग एकादशी आली, आणि मधल्या दिवसांना भूक नसायची. नदीवर जाणंही बंद झालं. बादली शेडमध्ये परत गेली. मी ह्या उपासांचाही संशय घेतला. अपराधी माणूस प्रायश्चित्त घेतोय, असं मी स्वतःला समजावलं. त्यांचा पट्टा एक भोक आत गेला, तेव्हा मात्र ते समजावणं जमेना.

बायको घाबरली. तिने त्यांचा ताप पाहिला, वास येतो का विचारलं. सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात धरलं.

"काय झालंय तुमच्यात?"

मी बाटलीचं सांगितलं, बादलीचं, हिरव्या जाकिटाचं. झुडपाचं नाही. लांबून दिसलं, एवढंच म्हणालो.

ती सिंककडे तोंड करून उभी होती. "तुला माहीतच नाही ना, ते मासे का आणतात?"

"हौस म्हणून."

"पुण्याला आपल्याकडे यायचे तेव्हा जेवून उठले की ताटाखाली काय असायचं?"

मला आठवलं. कधी नारळ, कधी नोटा, कधी तांदळाची पिशवी दाराशी ठेवून जायचे. मला तो त्यांचा प्रेमळपणा वाटायचा, थोडा जुनाटही.

"मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी जेवायचं नाही, असं त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. "जेवलं तर काहीतरी ठेवायचं. आपल्याला..." ती थांबली. आपल्याला मूल नाही, हे आमच्या घरात कुणी वाक्य म्हणून पुरं करत नाही. "तर ते ठेवतात. इथे काय ठेवणार? त्यांचे रुपये इथे चालत नाहीत. दुकानं बंद. सहा महिने आपल्याकडे नुसते जेवत होते, ते त्यांना आतून पोखरत होतं. मग मासे मिळायला लागले. तू बघितलं नाहीस, त्या दिवशी किती जेवायचे?"

मी ताठ बसणं बघितलं होतं. जेवण बघितलं नव्हतं.

"मग आता का थांबले?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला झुडूप आठवलं.

बाबा शेडमध्ये होते. दार अर्धं उघडं होतं. ते स्टुलावर बसले होते, समोर एक मेणबत्ती, हातात जुनी सुरी. सुरीचं टोक ज्योतीवर तापवून त्यांनी दोन रबराच्या तुकड्यांना लावलं आणि तुकडे एकमेकांवर दाबून धरले. माझ्याच मासोळ्या होत्या त्या. पर्चने शेपट्या तोडलेल्या, मी कचऱ्यात टाकलेल्या. एकीचं पांढरं धड, दुसरीची लाल शेपटी. बाजूला झाकणावर अशा आणखी काही ओळीने ठेवलेल्या होत्या, जोडाच्या जागी जराशा जाड.

"ह्याच लावत होतात तुम्ही?" मी विचारलं.

"नव्या तुमच्या होत्या. टाकलेल्या कोणाच्याच नाही." त्यांनी मान वर केली नाही. "जवायाची वस्तू घेत नाही आपण."

"आणि बादलीतल्या?"

"पाहाले."

"काय पाहायला?"

"थे कशी थांबते, कशी दचकते, मंग कशी पुढं जाते. तुम्ही सारखी ओढत राहता. जित्ती मासोळी सारखी पळत नाही. उभी राहते जास्त. म्हणून तुमाले काही लागत नाही." मग म्हणाले, "पहिले दोन दिवस लावल्या होत्या जित्त्या. खोटं काहून बोलू? तुम्ही सांगितलं होतं तरी लावल्या. तुमचं ऐकाचं नव्हतं मले. मंग शेजारच्या बुवानं पण तेच सांगितलं, तेव्हा सोडलं."

दोनच दिवस? खरं सांगतो, इतकं सगळं ऐकूनही माझ्या मनात ती शंका वळवळलीच. सवय लागली होती.

"त्या दिवशी तो हिरव्या जाकिटातला..."

"सरकारी माणूसच होता. गळ पाहिला, रबर पाहिलं, बाटली पाहिली, हसला. बादलीतल्या मासोळ्या होत्या तिथं सोड म्हणाला, सोडल्या." सुरी खाली ठेवून त्यांनी मेणबत्ती विझवली. "त्यानं विचारलं, कोणासंगं आला? मी म्हटलं, एकटा."

मी झाकणावरची एक मासोळी उचलून पुन्हा ओळीत ठेवली.

"केशरी जाकीट घालून कोणी लपते काय, जवाईबापू?"

ते जाकीट बायकोने घेतलेलं, रस्त्यावर गाडीवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मी चुकलो," मी म्हणालो.

"चुकले नाही. भ्याले. भ्याल्याचं काही नाही, मी पण भ्यालो होतो. पण घरी येऊन थ्या लॅपटॉपसमोर असे बसले, जसं काही गेलेच नव्हते. थे लागलं मले." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जिथं आपल्या माणसानं ओळख नाही दिली, तिथं ताटावर कसं बसावं? तुम्हीच सांगा."

माफी मागण्याचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, पण सासऱ्यांसमोर उभं राहून म्हणता येईल असा एकही मला त्या शेडमध्ये मिळाला नाही. मी एवढंच म्हणालो, "शनिवारी मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"नदी काय माझी हाय?" ते म्हणाले. म्हणजे हो.

शनिवारी मी केशरी जाकीट मुद्दाम घातलं. बादली नेली नाही. त्यांनी मला एक जोडलेली मासोळी दिली. मी माझ्या चांगल्या काठीला ती लावली आणि त्यांनी सांगितलं तसं ओढलं. म्हणजे बहुतेक वेळ ओढलंच नाही. दोन मासे लागले, दोन्ही त्यांना. एक नियमापेक्षा मोठा निघाला, त्यांनी तो स्वतःहून पाण्यात सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही 'पाहिलं' अशा अर्थाने त्यांच्याकडे पाहिलं.

आणि पुलाकडून तो माणूस पुन्हा आला.

माझे पाय झुडपांकडे निघाले होते, हे मी नाकारत नाही. एक पाऊल पडलंही असेल. मग मी वळलो आणि त्याच्या दिशेने चालत गेलो, अंतर ठेवून थांबलो. "हे माझे सासरे," मी म्हणालो. "आमच्याकडेच राहतात. ह्या मासोळ्या माझ्याच आहेत, मी टाकलेल्या. मागच्या वेळीही आम्ही बरोबरच होतो."

तो माणूस माझ्या जाकिटाकडे पाहत राहिला. "तो तू होतास होय," तो म्हणाला. "त्या झुडपात. मला वाटलं पक्षी बघतोय कुणी, म्हणून त्रास दिला नाही." मग बाबांच्या काठीकडे मान उडवून म्हणाला, "ह्यांच्याकडून शिकून घे जरा. आणि त्या बाटलीने पुन्हा मासोळ्या धरू नका, एवढं सांग त्यांना." आणि काठाकाठाने निघून गेला. त्याने नाव विचारलं नाही, कुठे काही लिहून घेतलं नाही. इतके आठवडे मी ज्याला घाबरत होतो, ते एवढंच होतं.

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडून शिक म्हणाला."

"अजून काही म्हणे ना? बराच वेळ बोलत होता."

त्यांना संशय आला होता. मी त्यांना बाटलीचं सांगितलं. पक्ष्यांचंही सांगितलं. ते इतके हसले की काठी हातातून निसटून पाण्याच्या कडेला गेली, आणि मला गुडघाभर पाण्यात उतरून ती काढावी लागली.

दुपारी बायकोने तो एकच मासा तिघांसाठी तव्यावर टाकला. माणशी दोन घासही नव्हता. वरण-भात होता, काकडीची कोशिंबीर होती. तिने बाबांचं ताट मांडलं, पण वाढलं नाही. डाव हातात धरून उभी राहिली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"बाबा, शनिवार आहे आज," ती म्हणाली. "तुमचा उपास?"

"कोण म्हणते? भात वाढ."

तिने वाढला. त्यांनी आणखी मागितला. मी माझ्या ताटात मान घालून जेवत राहिलो, कारण वर पाहिलं असतं तर बायकोने माझे डोळे पाहिले असते आणि तिला झुडपाचंही सांगावं लागलं असतं.

ते हात धुवायला उठल्यावर मी त्यांचं ताट उचललं. खाली पांढऱ्या धडाची, लाल शेपटीची एक मासोळी होती. अजून खोडरबराचा वास येत होता तिला. मी ती खोक्यात परत टाकली नाही. जवळच ठेवली आहे, आणि तिने अजून एकही मासा पकडलेला नाही.